फॅलेनॉप्सिस: रोज रात्री एसी लावूनही फुलांचा दांडा का येत नाही?

प्रश्न · पूर्वखिडकी, घोडबंदर रोड, ठाणे

दोन फॅलेनॉप्सिस ऑर्किड आहेत, बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत. गेल्या फेब्रुवारीत फुलं गळली. त्यानंतर दोघांनाही दोन-दोन नवी पानं आली, मुळंही छान चंदेरी आहेत, पण दांडा नाही. थंडी लागते असं वाचून ऑक्टोबरपासून रोज रात्री एसी 22 वर असतो. दिवसा खोली बंद, तापमान 30–31. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच), पंधरवड्यातून एकदा. कुठे चुकतंय?

उत्तर · कोपरखैरणेकर

रात्र ठीक आहे, दिवस चुकतोय. "रात्री गारवा दिला की दांडा येतो" हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. फॅलेनॉप्सिसच्या संकरित जातींवर झालेल्या प्रयोगांत दिवसाचं तापमान 29 ठेवलं, तेव्हा रात्र 17 असूनही दांडे जवळपास आलेच नाहीत. दिवस 26 च्या आत हवा, 23–25 उत्तम, आणि तोही सलग चार-पाच आठवडे. मधेच आठवडाभर खोली तापली तर केलेलं बरंचसं वाया जातं.

आपल्याकडे हे जमण्यासारखा काळ म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. ऑक्टोबर हीटमध्ये वीज जाळू नका. डिसेंबर लागला की रात्रभर खिडक्या उघड्या ठेवा, सकाळी नऊ-साडेनऊला ऊन चढायच्या आत काच लावून घ्या आणि कुंडी काचेपासून दोन-तीन फूट आत सरकवा. काचेला टेकलेलं पान खोलीपेक्षा बरंच जास्त तापतं. कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर पानांच्या उंचीवर, सावलीत ठेवा आणि त्यावरच विश्वास ठेवा. एसीच्या रिमोटवरचा आकडा पानाजवळचा नसतो.

घरून काम करत असाल तर सोपं आहे: दिवसा ज्या खोलीत एसी 24 वर चालतो तिथेच झाडं न्या. तिथे उजेड कमी पडतो, म्हणून पानांपासून 25–30 सेंमीवर 20 वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, रोज 12 तास. गारवा आहे आणि उजेड नाही, तर झाड नुसतं बसून राहतं.

उत्तर · कोळसा-साल, खारघर

वरच्याशी सहमत. त्यात एसीचा भाग राहिला. एसी हवा कोरडी करतो आणि झोत थेट आला तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. कुंडी झोतापासून बाजूला ठेवा, खाली खडे आणि पाणी घातलेली ताटली. कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नका.

पाणी वार बघून घालू नका, मुळं बघून घाला. ओली मुळं हिरवी, कोरडी चंदेरी. चंदेरी झाल्यावर एक दिवस थांबून सकाळी भरपूर पाणी. पानांच्या मध्यात साचलं तर कागदाने टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो आणि मग त्या झाडाचं फार काही करता येत नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून मुळांची टोकं काळी पडतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरे.

आणखी एक तपासा. विकत आणलेल्या झाडाच्या मुळांच्या गाभ्यात बऱ्याचदा मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा असतो. वरून सगळं कोरडं दिसतं, आत तो आठवडाभर ओला राहतो आणि पावसाळ्यात आतली मुळं सडतात. पण आत्ता उकरू नका. फुलं संपल्यावर काढा आणि बोटाच्या पेराएवढी पाईनची साल व लाकडी कोळसा, दोन भागांना एक भाग, असं भरा. नारळाच्या सोडणाचे तुकडे आपल्या दमट हवेत फार पाणी धरतात.

पूर्वखिडकी

खालच्या पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं टोक निघतंय, एका झाडाला. दांडा की मूळ?

उत्तर · कोपरखैरणेकर

टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर मूळ. जरा चपटं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं, एक बाजू फुगीर असेल तर दांडा. दांडा पान बाजूला सारून वर वळतो.

दांडा असेल तर आता कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं वेडीवाकडी तोंडं करतात. दांडा 10 सेंमीचा होईपर्यंत गारवा चालू ठेवा. लहान दांड्याला 28 च्या वरची उष्णता मिळाली तर कळीच्या जागी पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, धरतं, म्हणून डिसेंबरात सुरुवात करण्यावर जोर आहे. दांडा दिसल्यापासून फुलायला साधारण तीन महिने, म्हणजे मार्च-एप्रिल. तेव्हा घरात हापूसची अढी असेल तर ती दुसऱ्या खोलीत. पिकत्या फळांतल्या इथिलीनने कळ्या एका रात्रीत माना टाकतात.

उत्तर · कोळसा-साल, खारघर

दुसऱ्या झाडाला यंदा दांडा आला नाही तरी त्याला बळेच उपाशी ठेवू नका. आणि पुढचं ऑर्किड घेताना सिंबिडियम घेऊ नका, त्याला खरोखरच थंड रात्री लागतात. गॅलरीत जागा असेल तर डेंड्रोबियम लावा. त्याला आपली उष्णता सोसते, सकाळचं ऊन आवडतं आणि एसीची गरजच नाही.