एकाच घरात एक गोरा, एक सावळा कसा?

सख्ख्या भावंडांच्या रंगात फरक दिसला की 'वंशात काहीतरी मिसळलंय' असं अनेकदा म्हटलं जातं, पण हा तर्क टिकत नाही. एसएलसी२४ए५ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात १११व्या जागी ॲलानिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आलं की मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, कमी बनतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. आईवडील दोघांकडे प्रत्येकी एकच फिकट (हा बदल असलेली) प्रत असेल, तर दर अपत्याला दोन मिळण्याची शक्यता २५%, एक मिळण्याची ५०%, एकही न मिळण्याची २५%. नाशिकमधल्या एकाच घरात तिन्ही छटा दिसणं म्हणूनच अगदी स्वाभाविक आहे.

हा बदल इंग्रजांबरोबर आला, हेही चूक. आपल्याकडची आणि युरोपातली प्रत एकाच पूर्वजाकडून आलेली आहे, आणि २०१३च्या अभ्यासानुसार तिचं वय २२ ते २८ हजार वर्षं. युरोपात सर्रास असलेला एसएलसी४५ए२ या रंगाच्या दुसऱ्या जनुकाचा फिकट प्रकार मात्र भारतात विरळ आहे, त्यामुळे युरोपीय कोष्टकांवरून इथला रंग वर्तवला की अंदाज फसतो.

जनुकीय चाचणीची कच्ची फाइल असेल तर आरएस१४२६६५४ (rs1426654, वरच्या बदलाच्या जागेचा क्रमांक) शोधा: ए म्हणजे फिकट, जी म्हणजे मूळ प्रत. (काही कंपन्या डीएनएच्या उलट धाग्यावरून अनुक्रमे टी आणि सी छापतात.) त्वचेचा रंग उपकरणाने मोजताना दंडाची आतली बाजूच घ्या. द्राक्षबागेत राबणाऱ्याच्या मनगटावर मोजलात तर जनुक नव्हे, ऊन मोजाल. उपकरण त्वचेवर दाबून धरू नका, रक्त बाजूला सरकून आकडा बदलतो. तीन वाचनांची सरासरी घ्या.