शोपँचं पहिलं बॅलाड तुम्हाला कुठे भेटलं?

शोपँ म्हणजे पोलिश संगीतकार, आणि हे बॅलाड म्हणजे त्याची पियानोवरची एक रचना: जी मायनर या स्वरसप्तकातली, ओपस (रचना क्रमांक) २३. माझा पियानोशी संबंध फक्त ऐकण्यापुरता, वाजवता साधं 'हॅपी बर्थडे'सुद्धा येत नाही. तरी गेली वीसेक वर्षं हे नऊ-साडेनऊ मिनिटांचं प्रकरण काही मला सोडत नाही.

ओळख झाली पोलान्स्कीच्या 'द पियानिस्ट'मधून (२००२). पडकं घर, समोर जर्मन अधिकारी आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी वाजवणारा श्पिलमान, म्हणजे सिनेमाचा नायक, पियानोवादक. नंतर कळलं की खऱ्या श्पिलमानने त्या दिवशी शोपँचीच दुसरी रचना, सी शार्प मायनर नॉक्टर्न, वाजवली होती, आणि सिनेमातलं बॅलाडही कापूनछाटून घेतलेलं आहे. आधी फसवल्यासारखं वाटलं. मग अख्खं बॅलाड ऐकलं आणि दिग्दर्शकाला माफ करून टाकलं!

वाजवणाऱ्यांना धास्ती असते ती शेवटच्या भागाची, कोडाची. त्यावर लिहिलेलंच आहे 'प्रेस्तो कोन फुओको', म्हणजे अतिद्रुत, आग ओकत. पण मला विचारायचंय ऐकणाऱ्यांना. तुम्ही परत परत जाता ते त्या आगीसाठीच, की आणखी कशासाठी? परिभाषा नाही आली तरी चालेल, लिहा.

*

मी पेटीवाला. भाच्याने हेडफोन कानात कोंबला आणि म्हणाला, "मामा, हे ऐका." सुरुवातीची संथ प्रस्तावना संपून मुख्य धून लागली आणि मी सवयीने पांढरी पाच (म्हणजे जीला सा) धरून शोधायला लागलो. म प नी ग रे सा. गंधार कोमल, निषाद शुद्ध. अरे, हा तर पटदीप! भाच्याला तसं ठणकावून सांगितलंसुद्धा. पुढे कोमल धैवत आला आणि माझा पटदीप गेला. स्वर बघायला गेलं तर किरवाणीच्या जवळ, पण किरवाणी तरी कुठे राहते? हा माणूस मध्येच षड्जच उचलून दुसऱ्या घरात नेतो. पहिल्यांदा राग आला. आमच्याकडे तानपुरा लावला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. पण तीच धून परत जी मायनरमध्ये येते ना, तेव्हा समेवर आल्यासारखी मान हलते. मी त्या परतण्यासाठी ऐकतो. कोडा म्हणाल तर मला अजून नुसता गलका वाटतो, रागावू नका.

*

गलका?! असो. मला हे 'युअर लाय इन एप्रिल' या अ‍ॅनिमेमुळे कळलं. शेवटच्या भागात कोसेई हेच वाजवतो. त्याआधी पियानो म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं काहीतरी, एवढीच माझी समज होती. जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांची मजा जाईल.

*

वॉर्सात तीन वर्षं होतो. तिथल्या वाझिएन्की बागेत शोपँच्या पुतळ्यापाशी उन्हाळ्यात दर रविवारी फुकट मैफली असतात. लोक डबे घेऊन गवतावर लोळत ऐकतात, अगदी आपल्या दिवाळी पहाटेसारखं, फक्त फराळ आणि सोवळे चेहरे वजा. एकदा हेच बॅलाड होतं. मधली ती ई फ्लॅट मेजरमधली धून, अगदी दबक्या आवाजात वाजवायची, सुरू झाली आणि बागेतला मोर केकाटला. (तिथे मोर आहेत, खरंच.) पियानोवाली जागची हलली नाही. पण आमच्या चिरंजिवांना नेमकी कोडाच्या तोंडावर शू लागली, त्यामुळे आग मी झाडामागून ऐकली.

शोपँने १८३० मध्ये वॉर्सा सोडलं ते कायमचं. देह पॅरिसला पुरलाय, हृदय मात्र वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या खांबात आहे. त्या खांबापाशी उभं राहिल्यावर मला आठवली ती तीच दबकी धून.

*

मुंबईच्या एनसीपीए सभागृहात हेच बॅलाड ऐकताना शेजारी एक वयस्कर पारशी बाई होत्या. प्रस्तावनेच्या शेवटी एक विचित्र स्वरसंगती येते, तिच्यात एक ई फ्लॅट खुपतो. काही जुन्या प्रतींमध्ये संपादकांनी तो 'सुधारून' डी करून टाकला होता. हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. बाईंनी नेमक्या त्या क्षणी माझं मनगट दाबलं आणि पुटपुटल्या, "ई फ्लॅट! शाब्बास." मध्यंतरात सगळं समजावून सांगितलं, वर पर्समधली पेपरमिंट दिली. आता कोणाचंही रेकॉर्डिंग असो, माझी परीक्षा पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटातच संपते.

*

(धागाकर्ता) ही पेपरमिंट लक्षात राहील! जाता जाता: १८३६ मध्ये संगीतकार शूमानने शोपँला या बॅलाडबद्दल सांगितलं की तुमच्या रचनांत मला ही सर्वांत आवडते. शोपँ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, मलाही. पेटीवाले काका, तुम्ही एकदा पियानोवादक झिमरमनचं रेकॉर्डिंग ऐकाच.

*

मी ऐकणाऱ्यांतला, पण चाळिशीत वाजवायची दुर्बुद्धी झाली. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. फ्लॅटमध्ये राहायचं म्हणून हेडफोन. मला शोपँ ऐकू येतो, घरच्यांना फक्त पट्ट्यांची टकटक. खालच्या मजल्यावरचे काका एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, "रात्री फार काम असतं का हो ऑफिसचं?"

दोन वर्षांत २०७ मापांपर्यंत (माप म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक खंड) पोचलो, रडतखडत. २०८ व्या मापाला कोडा. डावा हात खालचा सूर मारून वर उडी घेतो, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि उजव्याला तेवढ्यात दुसरीच कसरत. महिनाभर मेट्रोनोम निम्म्यावर ठेवून घासलं, मनगट सुजलं. शिकवणाऱ्या बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "हे राहू दे. तू बाकीचं छान वाजवतोस."

आता २०७ पर्यंत मी वाजवतो, थांबतो, फोनवर झिमरमन लावतो आणि उरलेली ५७ मापं हात मांडीवर ठेवून ऐकतो. शेवटचे अष्टक दोन्ही बाजूंनी कोसळत येऊन जी वर आदळले की हेडफोन काढतो. आतल्या खोलीतून बायको विचारते, "झालं का टायपिंग?"