सबमर्सिबल पंपाच्या वेबपानावर आकडे हवेत की नकोत?

कुपवाडकर: आपल्या एमआयडीसीतल्या पंपवाल्यांची पानं इंजिनियरनं इंजिनियरसाठी लिहिलेली असतात. पहिल्याच ओळीत स्टेज, इम्पेलरचं मटेरियल, इन्सुलेशन क्लास. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचे प्रश्न दोनच: माझ्या बोअरला चालेल का, ठिबकला प्रेशर मिळेल का? दोन वाक्यांत सांगा, आकडे काढा. लागलं तर माणूस फोन करतोच.

बागायतदार_तासगाव: आकडे काढले तर त्याच दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. पंप चालू असताना पाणी ७० मीटरवर. ठिबकच्या फिल्टरशी २ किलो प्रेशर, म्हणजे आणखी २० मीटर. पाइपातलं घर्षण धरा ५ ते १०. झालं जवळपास १०० मीटर हेड, म्हणजे सगळं धरून पंपानं पाणी जेवढं चढवायचं ती उंची. ‘भरपूर प्रेशर’ वाचून यातलं काय कळणार?

कुपवाडकर: मग आत्ता जे लिहितात त्यातून तरी काय कळतं? ‘५ एचपी, हेड २०० मीटर, डिस्चार्ज ३०० लिटर.’ डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला बाहेर पडणारं पाणी.

मिरज_वाइंडिंग: ती ओळ सोपी दिसते, पण फसवी आहे. दोन्ही आकडे कमाल आहेत आणि ते एका वेळी कधीच मिळत नाहीत. २०० मीटर हेड मिळतं तेव्हा डिस्चार्ज शून्य असतो. मिनिटाला ३०० लिटर पाणी २०० मीटर उचलायचं तर पंपातली तूट सोडूनच १३ एचपी लागतात! पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ५ एचपीत ६० मीटरवर मिनिटाला १९० लिटर मिळतील, १०० मीटरवर ११५ च्या आसपास. पानावर तीन-चार ओळींचं असं कोष्टक द्या, आणि आकडे त्याच मॉडेलच्या टेस्ट बेंचवरचे घ्या.

कुपवाडकर: कोष्टक मान्य. पण पहिली ओळ साधीच हवी: ‘६ इंची बोअर, पाणी ७० मीटरपर्यंत, ठिबकसाठी.’ कोष्टक त्याखाली.

बागायतदार_तासगाव: खाली चालेल, पण फोटोत किंवा पीडीएफमध्ये नको. मोबाइलवर बोटांनी ताणत बसावं लागतं. आणि किमान व्होल्टेज वरच लिहा.

कुपवाडकर: व्होल्टेज वर घेतलं की गिऱ्हाईक बिचकतं.

मिरज_वाइंडिंग: बिचकू दे. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मर्यादा आधी लिहिलेली नसेल तर वॉरंटीचं भांडण ठरलेलंच.