काम्बानेलिस मोठा कशामुळे? ‘अंगणा’मुळे की ‘सर्कशी’मुळे?

तिसरी घंटा:
युद्धोत्तर ग्रीक रंगभूमीचा जनक म्हणून इयाकोवोस काम्बानेलिसचं नाव निघालं की लगेच १९७३ची ‘आमची मोठी सर्कस’ पुढे केली जाते. मला हे पटत नाही. त्याचं खरं नाटक १९५७चं ‘चमत्कारांचं अंगण’, दिग्दर्शक कारोलोस कूनने आपल्या थिएत्रो तेखनिस या नाट्यसंस्थेत बसवलेलं. अथेन्समधलं एक सामाईक अंगण, भोवती भाडेकऱ्यांच्या खोल्या. आशिया मायनरमधून परागंदा झालेला म्हातारा योर्दानिस, जुगारात बुडालेला स्टेलिओस, परदेशी जायच्या बाता. शेवटी तिथे इमारत उठणार म्हणून सगळ्यांची बिऱ्हाडं हलतात. घोषणा एकही नाही, तरी अख्खा देश दिसतो. सर्कस म्हणजे प्रसंगांची माळ. तेव्हा ग्रीसमध्ये लष्करी हुकूमशाही नसती तर कोणी लक्षात ठेवली असती?

विंगेतून:
हुकूमशाही नसती तर! होती ना पण? सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून त्याने ग्रीसचा जुना राजा ओटो रंगमंचावर आणला, १८४३मध्ये राजवाड्यासमोर राज्यघटना मागणारे लोक आणले. हा शंभरावर वर्षांपूर्वीचा मामला, कात्री लावायची कुठे? क्सार्खाकोसचं संगीत, क्सिलुरिसचा आवाज, आणि जनतेला ‘आता पोटाला आणखी चिमटा घेऊ नका’ म्हणणारं गाणं. प्रेक्षकांना काय ते बरोबर कळत होतं. नोव्हेंबरात अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांचा हुकूमशाहीविरुद्ध उठाव झाला आणि निर्माती-नायिका जेनी कारेझीला लष्कराने उचललं. बिनदाताच्या नाटकासाठी कोण कोणाला उचलतं?

तिसरी घंटा:
धाडस कबूल. पण अटकेवरून नाटकाची प्रत कशी ठरवणार? सुमार नाटकांवरही बंदी येतेच की.

पिटातला:
दोघेही माणूस विसरताय. हा नाझींच्या माउथहाउझेन छळछावणीतून १९४५मध्ये सुटून आला. अथेन्समध्ये कूनचा प्रयोग पाहिला आणि नट व्हायचं ठरवलं. माध्यमिक शाळेचा दाखला नाही म्हणून नाट्यशाळेने दारातूनच परत पाठवलं, तेव्हा लिहायला बसला! (पुढे अथेन्सच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं, ते वेगळंच.) कूनसाठी लिही, काकोयानिसच्या ‘स्टेला’ चित्रपटाला मूळ नाटक दे, संगीतकार थिओदोराकिससाठी माउथहाउझेनची गीतं लिही. ज्याला जे हवं ते देणारा हा कामकरी लेखक. त्याच्यात उच्च-नीच लावणं हा समीक्षकांचा उद्योग.

विंगेतून:
हे आवडलं.

तिसरी घंटा:
मला नाही आवडलं. कामकरी म्हटलं की निवड करायची नाही? योर्दानिस तोंड उघडतो तेव्हा आशिया मायनरमधल्या ग्रीकांची १९२२ची वाताहत एका माणसाच्या घशातून येते. सर्कशीत तीच वाताहत एक प्रवेश होऊन येते आणि पुढच्या प्रवेशाला जागा करून देते. दोन्ही सारखंच म्हणणाऱ्याने दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात.

विंगेतून:
वाचाव्यात कशाला? सर्कस वाचायची चीजच नाही. गाणी काढून टाकलीत तर उरणार काय?

तिसरी घंटा:
तेच तर म्हणतोय मी!