त्रासदायक विचार लिहून काढल्याने तुमच्या मनाला काय लाभले? – अनुभव

डोक्यात घोळणारा विचार बहुधा अर्धवट असतो. तो सुरू होतो, मध्येच दुसऱ्यावर घसरतो आणि फिरून पहिल्यापाशी येतो. लिहायला बसले की मात्र वाक्याला कर्ता लागतो, क्रियापद लागते आणि ते कुठेतरी संपवावे लागते. विचार लिहून काढल्याने मन निवते, याचे मुख्य कारण मला हेच वाटते. ज्यांनी हा मार्ग काही काळ नेमाने अवलंबला आहे, त्यांनी नेमके काय लिहिले, केव्हा लिहिले आणि त्याने काय फरक पडला किंवा पडला नाही, हे येथे सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

माझा त्रास कामाच्या ठिकाणचा होता. बैठक संपल्यावर वरिष्ठ माझ्याशी न बोलता निघून गेल्या की ‘माझे काम त्यांना पसंत नाही’ हा विचार घरापर्यंत माझ्यासोबत यायचा आणि जेवतानाही सुटायचा नाही. समुपदेशकांनी मला वहीच्या पानावर रकाने आखायला सांगितले: प्रत्यक्ष घडले काय, मनात आले काय, त्या विचाराच्या बाजूने पुरावा कोणता आणि विरुद्ध कोणता. ही विचारनोंद अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीतील आहे. पहिल्या रकान्यात मी लिहिले, ‘त्या फोनवर बोलत बाहेर गेल्या.’ विरुद्ध बाजूच्या रकान्यात आले, ‘त्या कुणाशीच बोलल्या नाहीत, माझ्या अहवालात त्यांनी एकही दुरुस्ती सुचवली नव्हती.’ विचाराच्या बाजूने असलेल्या पुराव्याचा रकाना बराच वेळ पेन हातात धरूनही रिकामाच राहिला. तो रिकामा रकाना डोळ्यांना दिसणे, हे कोणी ‘काळजी करू नकोस’ असे सांगण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरले. नुसती मनातली मळमळ ओतण्यापेक्षा ही पद्धत मी श्रेष्ठ मानतो, कारण तिच्यात विचाराला उत्तर द्यावे लागते.

•

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते आणि माझी अडचण झोपेची आहे. मला भावना लिहिण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची कामे लिहिण्याचा अधिक उपयोग झाला. याविषयी अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात ५७ तरुण व्यक्तींचा सहभाग होता. झोपण्यापूर्वी ५ मिनिटे पुढच्या कामांची यादी करणारे लोक, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ मिनिटे आधी झोपी गेले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर लागली. नेमकेपणाचे महत्त्व मला स्वतःच्या वहीतच दिसते. ‘बाबांच्या तपासण्या’ एवढेच लिहिले तर काळजी जागच्या जागी राहते. ‘सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत फोन करून अहवाल केव्हा मिळेल ते विचारणे’ असे लिहिले की ती गोष्ट रात्रीपुरती तरी माझ्या हातून सुटते.

•

माझे लेखन धाकट्या भावाविषयी होते. आमचे बोलणे काही वर्षे बंद होते आणि ते पुन्हा सुरू होण्याआधीच तो गेला. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील पद्धत मी वापरली: सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, घडलेली घटना आणि तिच्याविषयीची भावना या दोन्ही गोष्टी, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायच्या. त्या प्रयोगात असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले होते, परंतु पुढील काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. मलाही पहिल्या दिवशी अतिशय जड वाटले, म्हणून हे आधी सांगून ठेवतो. त्या दिवशीची जवळजवळ सगळी वाक्ये ‘त्याने’ या शब्दाने सुरू होत होती. शेवटच्या दिवशी ‘आम्ही दोघे’ आणि ‘कारण’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले, आणि आईच्या आजारपणात आम्ही दोघेही किती थकलेले होतो, हे मी तेव्हा प्रथमच लिहिले. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. भांडणाची उजळणी मात्र थांबली.

•

परीक्षेला बसण्याआधी सुमारे दहा मिनिटे भीती जशीच्या तशी लिहून काढते. पेपर हाती आल्यावर तेच विचार पुन्हा डोके वर काढत नाहीत.

•

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तोही नोंदवला जावा असे वाटते. मी रोज रात्री वेळेचे बंधन न ठेवता लिहीत असे, आणि महिन्यांमागून महिने पानांवर तीच तक्रार त्याच शब्दांत येत राहिली. तो विचार सुटत नव्हता, उलट पाठ होत होता. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी दोन गोष्टी सुचवल्या: घड्याळ लावून लिहावे, आणि शेवटचे वाक्य ‘यातले माझ्या हाती काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर असावे. त्याने फरक पडला. तरीही औषधांची गरज मला होतीच. झोप, भूक सतत बिघडलेली असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वहीवर विसंबून राहू नये. कृपया त्वरित डॉक्टरांना भेटावे.

•

भावाविषयी लिहिणाऱ्या दादांना एक विचारायचे आहे. ती पाने तुम्ही जपून ठेवलीत का? घरातील कोणी वाचेल या धास्तीने माझे लिहिणेच अडते.

•

ताई, ती पाने मी ठेवली नाहीत. कोणी वाचणार असे वाटले की माणूस शब्द निवडू लागतो आणि खरी गोष्ट बाजूला राहते, म्हणून पाने फाडून टाकायची हे मी लिहायला बसण्यापूर्वीच ठरवले होते. विचारनोंदीचे रकाने मात्र जपून ठेवावेत असे मला वाटते, कारण तोच विचार पुन्हा आला की आधी शोधलेले उत्तर हाताशी असते.