मदत हवी आहे: पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलीनचे स्फटिक मिळत नाहीत

अ‍ॅनिलीनपासून अ‍ॅसिटॅनिलाइड, त्याच्या ब्रोमिनेशनने पॅरा-ब्रोमोअ‍ॅसिटॅनिलाइड आणि शेवटी जलअपघटनाने पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलीन, या पदवी स्तरावरील प्रयोगात मी शेवटच्या टप्प्यावर अडकलो आहे. मधल्या पदार्थाचा (पॅरा-ब्रोमोअ‍ॅसिटॅनिलाइडचा) द्रवणांक १६७ अंश सेल्सिअस आल्याने तो शुद्ध असावा. मात्र हायड्रोक्लोरिक आम्लासह रिफ्लक्स करून (म्हणजे वाफ थंड होऊन परत पडेल अशा रीतीने उकळवून) सोडियम हायड्रॉक्साइडने द्रावण अल्कधर्मी केले की तळाशी तपकिरी तेल बसते. बर्फात ठेवून काचकांडीने घासल्यावर ते गोठते खरे, पण द्रवणांक ६६ ऐवजी ५७ ते ६१ भरतो. पाणी मिसळलेल्या इथेनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण करतानाही पुन्हा तेलच सुटते. टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणारी चाचणी) अमाइडचा, म्हणजे जलअपघटन न झालेल्या मधल्या पदार्थाचा, फिकट ठिपका दिसतो आणि कॉलम क्रोमॅटोग्राफीची सोय नाही. अशा वेळी सगळे पुन्हा रिफ्लक्स करावे, की अमाइन (म्हणजे हवे असलेले पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलीन) विरल आम्लात विरघळवून, न विरघळलेले अमाइड गाळून काढणे पुरेसे ठरेल?