मदत हवी आहे: लो-कोड वर्कफ्लोमध्ये एकाच मागणीची बेरीज दर रनला वेगळी येते

नमस्कार मंडळी,

एका लो-कोड (कोड जवळपास न लिहिता तयार तुकडे जोडून काम करायच्या) प्लॅटफॉर्मवर खरेदी मागणीचं अ‍ॅप केलंय. मी हिशेबाच्या बाजूचा माणूस, कोड लिहीत नाही. एक्सेलची सूत्रं मात्र हाताखालची आहेत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. प्लॅटफॉर्मचं नाव देत नाही, कारण अशा सगळ्यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच दिसते.

दोन टेबलं आहेत. एकात मागणीचं हेडर: कोणी मागितलं, कधी, स्थिती, एकूण रक्कम. दुसऱ्यात ओळी: वस्तू, नग, दर, सवलत टक्के. फॉर्म सेव्ह झाला की फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्टेप्सची साखळी, सुरू होतो, त्या मागणीच्या ओळी आणतो, लूपमध्ये (तीच स्टेप ओळीगणिक पुन्हा चालवून) प्रत्येक ओळीची रक्कम काढतो, ती 'एकूण' नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत, मिळवतो आणि शेवटी हेडरवर लिहितो. पुढे एक कंडिशन आहे. एकूण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर दोघांची मंजुरी, नाहीतर एकाची.

आता गंमत बघा. तीच मागणी, त्याच ओळी, आणि फ्लो पुन्हा चालवला की एकूण बदलतं. कधी बरोबर, कधी एखाद्या ओळीच्या रकमेइतकं कमी. सवलत ७.५ टाकली तर नीट वजा होते, ५ किंवा १० टाकली तर सवलत लागतच नाही. सवलतीचा रकाना रिकामा असला की फ्लो लाल होऊन थांबतो. आणि रन हिस्टरीत (फ्लो कधी कसा चालला त्याच्या नोंदीत) एकाच मागणीचे रन पुन्हा पुन्हा दिसतात, तेही कोणी हात लावलेला नसताना.

मर्यादेच्या वरची मागणी एकाच सहीवर सुटली तर पुढे उत्तर मलाच द्यावं लागणार. हिशेबाची स्टेप लूपमध्ये ठेवायची, टेबलातच सूत्र लावायचं, की फॉर्मवर? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

सवलतीचं कोडं सोपं आहे. तुम्ही ५ भागिले १०० करताय आणि दोन्ही पूर्णांक आहेत. बऱ्याच वर्कफ्लो इंजिनांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, अपूर्णांकाचा भाग गळतो. म्हणून ०.०५ ऐवजी ०. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेट या फ्लो-साधनाचं भागाकाराचं फंक्शन अगदी असंच वागतं. ७.५ हा मुळात दशांश असल्याने तिथे सुटतो. १०० च्या जागी १००.० लिहा, काम झालं. एक्सेलची सवय असलेला प्रत्येक जण इथे अडखळतो, कारण एक्सेल असा भेद करतच नाही.

रिकाम्या रकान्यासाठी 'रिकामं असेल तर ०' असं देणारं फंक्शन असतं, कोअलेस (coalesce) नावाने शोधा. पण ते फक्त सवलतीला लावा. दर किंवा नग रिकामा असेल तर ० धरू नका, फ्लो थांबू द्या. सवलत नसणं ही खरी माहिती आहे. दर नसणं म्हणजे फॉर्म अर्धवट भरलाय.

प्रतिसाद २

बेरीज बदलते त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचं लक्षण बाहेरून सारखंच दिसतं.

पहिलं, लूप समांतर चालतोय. म्हणजे ओळी एकामागोमाग न घेता एकदम घेतल्या जातात. समजा एकूण ५०० आहे. दोन ओळी एकाच वेळी ५०० वाचतात, दोघी आपापले १०० मिळवून ६०० लिहितात. ७०० व्हायला हवे होते, एक ओळ हरवली. व्हेरिएबल सगळ्या फ्लोला मिळून एकच असतं, प्रत्येक फेरीला वेगळं नसतं. अ‍ॅझ्युअर लॉजिक अ‍ॅप्समध्ये असा लूप मुळातच समांतर असतो, पॉवर ऑटोमेटमध्ये मुळात क्रमाने असतो आणि समांतर मुद्दाम करावा लागतो. तुमच्याकडे काय आहे ते लूपच्या सेटिंगमध्ये दिसेल.

दुसरं, फ्लो लवकर सुटतोय. फॉर्म आधी हेडर सेव्ह करतो, मग ओळी एकेक करून. हेडर सेव्ह होताच फ्लो निघाला तर शेवटच्या ओळी टेबलात पोचायच्या आधीच 'ओळी आणा' ही स्टेप चालून जाते.

ओळखायचं कसं? चुकलेला रन हिस्टरीतून उघडा आणि 'ओळी आणा'च्या आउटपुटमध्ये किती ओळी आल्या ते मोजा. पुऱ्या आल्या असतील तर दोष लूपचा, तिथेच कमी असतील तर वेळेचा. हे बघितल्याशिवाय कशालाही हात लावू नका, नाहीतर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

प्रतिसाद ३

ओळी शंभराच्या वर जातात का? काही कनेक्टर (फ्लोला टेबलाशी जोडणारे तुकडे) एका वेळी ठरावीकच नोंदी देतात. शेअरपॉइंटचे आयटम आणणारी स्टेप काही न सांगता पहिले १०० च आणते.

धागाकर्ता

नाही, ओळी पंधरा-वीसच्या वर जात नाहीत, तो प्रश्न नाही.

सांगितल्याप्रमाणे जुने रन उघडून मोजलं. बहुतेक चुकलेल्या रनमध्ये ओळी पूर्ण आल्यात, तरी एकूण कमी. लूप समांतरच निघाला. पण काही रनमध्ये ओळीच कमी आल्यात, आणि त्या दर वेळी शेवटच्याच. म्हणजे दोन्ही कारणं एकदम नांदत होती! लूप क्रमाने केल्यावर पहिला प्रकार थांबला. १००.० ने सवलतही लागू लागली. दुसऱ्यासाठी फ्लोमध्ये अर्ध्या मिनिटाची थांबा-स्टेप टाकू का?

प्रतिसाद २

थांबा-स्टेप नको. नेट मंद असलेल्या दिवशी अर्धं मिनिटही कमी पडेल आणि चूक पुन्हा डोकं वर काढेल, तीही क्वचित, म्हणजे शोधायला आणखी अवघड. फॉर्मवर 'सादर करा' बटण ठेवा. ते आधी सगळ्या ओळी सेव्ह करेल आणि शेवटी हेडरची स्थिती 'सादर' करेल. फ्लोचा ट्रिगर (तो कशाने सुरू व्हायचा ती अट) फक्त स्थितीच्या कॉलमवर ठेवा, आणि स्थिती 'सादर' असेल तरच पुढे जा.

यातच तुमचे पुन्हा पुन्हा दिसणारे रनही मिटतील. आत्ता फ्लो शेवटी हेडरवर एकूण लिहितो, ते लिहिणं म्हणजेच हेडरमधला बदल, आणि त्या बदलाने तोच फ्लो परत सुरू होतो.

प्रतिसाद ४

सगळ्यांनी लूप दुरुस्त केला, पण मुळात लूप हवाच कशाला? एका ओळीची रक्कम त्या ओळीतल्याच आकड्यांवर ठरते. मग ते सूत्र ओळीच्या टेबलात कॉलम म्हणून लावा. भरणाऱ्याला फॉर्मवरच रक्कम दिसेल. फ्लोमध्ये फक्त त्या कॉलमची बेरीज मागवा. काही डेटाबेस कनेक्टर बेरीज करूनच देतात. एकाच सूत्राच्या दोन प्रती, एक फॉर्मवर आणि एक फ्लोमध्ये, ठेवल्या की आज ना उद्या त्या एकमेकींशी भांडतात.

हेडरवर रोलअप कॉलम (ओळींची बेरीज आपोआप दाखवणारा) लावायचा मोह होईल, तो आवरा. डेटाव्हर्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या लो-कोड डेटाबेसमध्ये) रोलअप कॉलम त्या क्षणी मोजला जात नाही. त्याचा हिशेब मागे वेगळ्या जॉबने होतो, एरवी साधारण तासाला एकदा. मंजुरी कोणाकडे जायची हे सादर केल्या क्षणी ठरवायचं असेल तर शिळा आकडा हाती येईल.

प्रतिसाद १

सूत्राच्या कॉलमबद्दल सहमत, पण एक खोच आहे. सूत्र जिवंत असतं. उद्या कोणी मंजूर झालेल्या मागणीतला दर बदलला तर रक्कमही बदलेल, आणि सही ज्या आकड्यावर झाली तो कुठेच उरणार नाही. म्हणून सादर होताना एकूण काढून साध्या नंबर कॉलममध्ये गोठवून ठेवा आणि मंजुरीची कंडिशन त्याच कॉलमवर चालवा. त्यानंतर ओळींना कुलूप. दुरुस्ती हवी असेल तर मागणी परत पाठवा, नव्याने सादर होऊ द्या.

राउंडिंग कुठे करता? नग ३, दर ३३.३५, सवलत ५ टक्के. ओळ होते ९५.०४७५. अशा तीन ओळी न छाटता मिळवल्या तर २८५.१४२५, म्हणजे २८५.१४. प्रत्येक ओळ आधी ९५.०५ केली तर २८५.१५. छापील कागदावर ओळींची रक्कम दिसत असेल तर ओळीवरच राउंड करा, नाहीतर कागद हातात धरून कोणीतरी बेरीज मारेल आणि तुमच्या दारात उभा राहील. कॉलमचा प्रकार डेसिमल (दशांश तंतोतंत साठवणारा) ठेवा, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा) नको. फ्लोटमध्ये १.००५ ही संख्या तंतोतंत साठत नाही, किंचित कमी साठते, आणि दोन स्थळांवर राउंड केली की १.०१ ऐवजी १.०० येऊ शकते.

धागाकर्ता

ओळीवर सूत्र, बेरीज फ्लोमध्ये, गोठवलेलं एकूण हेडरवर. तसं केलं, चाचणीच्या मागण्यांवर आकडे आता हलत नाहीत. राउंडिंग ओळीवरच ठेवलं, आमच्या कागदावर ओळी छापल्या जातात.

एकच राहिलं. आधीच्या मागण्यांची एकूण दुरुस्त करायची तर सगळ्यांवर फ्लो पुन्हा चालवू?

प्रतिसाद २

चालवू नका, मंजुरीचे निरोप पुन्हा सुटतील. हेडरवर 'फेरहिशेब' नावाचा वेगळा कॉलम करा आणि नुसती बेरीज लिहिणारा, मंजुरीच्या स्टेप्स नसलेला छोटा फ्लो हाताने चालवा. मूळ एकूण पुसू नका. मग फक्त त्या मागण्या गाळून काढा जिथे जुना आकडा मर्यादेच्या आत आहे आणि फेरहिशेब बाहेर. तेवढ्यांनाच दुसरी सही राहिली आहे. ती यादी मंजुरी देणाऱ्यांकडे आजच पाठवा.